मधलं नाव

माझं पूर्ण नाव लिहिलं की मधल्या जागी आईचं नाव येतं. हल्ली ते पाहून लोक कौतुक करतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहायचा नियम झाला आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना वाटतं की आमचं घर काळाच्या फार पुढे होतं. तसं काही नाही. मी १९९४ मध्ये इंदूरला जन्मलो, माझ्या आईचं लग्न झालेलं नव्हतं आणि जन्मदाखल्यावर लिहायला एकच नाव होतं.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत कुणाचं काही लपत नाही. रामबागेत शिंक आली तर लोकमान्य नगरात ‘सत्य आहे’ म्हणतात. माझ्या जन्माबद्दल मात्र माझ्यासमोर कधी कुणी बोललं नाही आणि माझ्यामागे बोलायचं कुणी थांबलं नाही. एकतीस वर्षं हे असंच चाललं. आता लिहायला बसलो ते गेल्या वर्षी आलेल्या एका फोनमुळे. त्या फोनबद्दल पुढे सांगतोच.

लिहिण्याआधी आईला विचारलं. तिने परवानगी दिली, पण एक अट घातली. ‘मला बिचारी करायचं नाही आणि झाशीची राणीही करायचं नाही.’ तेव्हा जे घडलं ते सरळ सांगतो.

आई तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, एका विमा कंपनीत कारकून. लग्न ठरलेलं होतं, निदान तिच्या मते ठरलेलं होतं. तो माणूस बदली घेऊन दुसऱ्या शहरात गेला आणि त्याची पत्रं थांबली. या लेखापुरती त्याची गोष्ट इथेच संपते. आजोबा आधीच वारले होते. घरात आजी, आई आणि मामा. आईने घरी सांगितलं तेव्हा पाचवा महिना सरला होता, म्हणजे गर्भपाताची मुदत उलटून गेली होती. आठवडाभरात नातेवाइकांची बैठक बसली.

बैठकीत दोन सूचना आल्या. पहिली अशी, की आईला लांबच्या आत्याकडे पाठवावं, बाळंतपण तिकडेच उरकावं, मूल आश्रमात द्यावं आणि ती परतली की स्थळं बघावीत. दुसरी सूचना जास्त लोकांना पसंत होती. आईने गळ्यात मंगळसूत्र घालावं, दुसऱ्या गावी बदली मागावी आणि नवरा अपघातात गेला असं सांगावं. विधवेला लोक निदान भाड्याने खोली देतात, तिच्या मुलाला शाळेत घेतात, असा हिशेब होता. तो हिशेब चुकीचाही नव्हता.

आई म्हणाली, ‘मी एकदा खोटं सांगून मोकळी होईन. पोराला ते जन्मभर सांगत बसावं लागेल.’

आजी तोवर गप्प होती. मग ती एवढंच म्हणाली, ‘घरात पोर येतंय, दरोडा नाही पडत. पाळणा माळ्यावर आहे, तो उतरवा.’

मामाने पाळणा उतरवला नाही. त्याच महिन्यात त्याने देवासला खोली घेतली आणि तिकडून नोकरीला जाऊ लागला. पाळणा उतरवला तो समोरच्या घरातल्या मालवी कुटुंबातल्या बाबूजींनी. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे जीजी म्हणत असू. जीजीबद्दलही पुढे येईल.

बैठकीतली पहिली सूचना किती जुनी आहे हे मला मोठेपणी वाचताना कळलं. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. लहानपणीच विधवा झालेल्या, पुन्हा लग्नाची वाट बंद असलेल्या बायकांना दिवस गेले की त्यांच्यापुढे विहीर तरी असे, नाहीतर बाळाचा गळा तरी. फुल्यांनी शहरात जाहिराती लावून कळवलं की इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा या जोडप्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रुग्णांची सेवा करत होता. पंढरपूरलाही १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असंच गृह काढलं.

अशा गृहांची गरज काय होती हे सुरतेच्या एका खटल्यावरून कळतं. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःच्या बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात बदलली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर ताशेरे ओढले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे इतक्या संतापल्या की १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून काढलं. दोष दोघांचा असेल तर शिक्षा एकीलाच का, हा त्यांचा सवाल होता.

त्या काळी गुप्तता हीच दया होती. उघड्यावर आलेली बाई जगूच शकत नव्हती, म्हणून फुल्यांनी तिच्यासाठी झाकलेली जागा केली. आमच्या घरच्या बैठकीत एकशे तीस वर्षांनी तोच उपाय निघाला, पण हेतू बदलला होता. फुल्यांना बाई आणि बाळ वाचवायचं होतं. आमच्या नातेवाइकांना घराण्याचं नाव वाचवायचं होतं. आजीने पाळणा उतरवायला सांगितला तेव्हा तिने बहुधा यातलं काही वाचलेलं नव्हतं. तिने फक्त आडोसा नाकारला.

आडोसा नाकारला की मग रोजची मदत लागते. ती कशी मिळाली हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण ‘आधार द्या, आधार द्या’ असं भाषणात म्हणतात तेव्हा नेमकं काय द्यायचं हे कुणी सांगत नाही.

पहिली मदत रजेची. आईने बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला तेव्हा कचेरीतल्या एकाने विवाहाचा दाखला जोडा म्हणून सांगितलं. आईच्या विभागातल्या एक वयस्कर बाई उठल्या, १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याची प्रत कपाटातून काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. कायद्यात ‘स्त्री’ असा शब्द आहे, ‘पत्नी’ असा नाही. रजा मंजूर झाली. तेव्हा ती बारा आठवड्यांची असे, २०१७ पासून ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली आहे.

त्या बाई पुढे वर्षभर दर शनिवारी दुपारी आमच्याकडे यायच्या. चहा घ्यायच्या नाहीत, गप्पा मारायच्या नाहीत. मला मांडीवर घ्यायच्या आणि आईला म्हणायच्या, ‘जा, झोप.’ आई आजही सांगते की त्या दोन तासांच्या झोपेवर तिने ते वर्ष काढलं.

दुसरी मदत जीजीची. आजीला दमा होता, थंडीत तर तिला स्वतःलाच सांभाळावं लागे. आईची कचेरी साडेदहा ते साडेपाच. सकाळी दहाला मी समोरच्या घरी जायचो आणि संध्याकाळी सहाला परत यायचो. मी पहिला घास मालव्याच्या दाल-बाफल्याचा खाल्ला आणि मराठीच्या आधी मालवी बोललो. जीजीने पैसे घेतले नाहीत. आई दिवाळीला साडी द्यायची, ती नेसून ती सगळ्या गल्लीला दाखवायची. आणि जीजीने माझ्या वडिलांबद्दल आईला एकदाही विचारलं नाही. तिचे प्रश्न वेगळे असत. रात्री किती वेळा उठतो, दूध गाईचं पचतं की म्हशीचं, उद्या तुला उशीर होणार आहे का.

आपल्या मराठी समाजाचंही सांगायला हवं. बारशाला आजीने तीस बायकांना बोलावलं होतं, सात आल्या. आजीने उरलेल्या घुगऱ्या दुसऱ्या दिवशी ज्या घरांतून कुणी आलं नव्हतं तिथे स्वतः नेऊन दिल्या. हळदीकुंकवाला आईला बोलावणं येत नसे. ती सवाष्ण नव्हती, विधवाही नव्हती, कुठल्या यादीत घालावं हे कुणाला सुचत नसावं. पण चैत्रात एक काकू आपल्या मुलीच्या हाती आंबेडाळीचा डबा पाठवायच्या, दर वर्षी, न चुकता. मला ती डाळ फार आवडायची. त्यांच्या मनात माया होती यात शंका नाही. तरी डबा यायचा आणि बोलावणं यायचं नाही, हे लहान मुलालाही कळत होतं. मागच्या दाराने आलेली माया पोटात जाते, पण तिने पाठ ताठ होत नाही.

शाळेच्या प्रवेशाला पहिल्या शाळेतल्या कारकुनाने आईला प्रेमाने सल्ला दिला, ‘स्वर्गवासी लिहा ताई, म्हणजे पुढे कुणी विचारणार नाही.’ आईने त्या रकान्यात आडवी रेघ मारली. प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी रेघ पाहिली, आईकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आजारी पडला तर कुणाला फोन करायचा?’ आईने जीजीच्या घरचा नंबर दिला. प्रवेश झाला.

आठव्या वर्षी मुंज करायचं ठरलं ते आजीच्या हट्टामुळे. संकल्पात गोत्र सांगावं लागतं, म्हणून आई आमच्या गुरुजींना आधीच भेटायला गेली. गुरुजी सत्तरीचे, कडक. आईला वाटलं, इथे गाडी अडणार. त्यांनी तिला बसवून छांदोग्य उपनिषदातली गोष्ट सांगितली. सत्यकामाला गुरूकडे शिकायला जायचं होतं. त्याने आईला, जबालेला, आपलं गोत्र विचारलं. ती म्हणाली, मला ते माहीत नाही, मी जबाला, तू सत्यकाम, तू स्वतःला सत्यकाम जाबाल म्हण. त्याने गुरूंना तेच शब्द जसेच्या तसे सांगितले आणि गुरूंनी त्याला ठेवून घेतलं, कारण तो सत्यापासून ढळला नव्हता. गोष्ट सांगून गुरुजी म्हणाले, ‘ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप म्हणतात, तशी रीत आहे. नाहीतर आजोळचं सांगू. तुम्हाला काय हवं?’ आई म्हणाली, आजोळचं.

वडिलांच्या जागी कोण बसणार, हा प्रश्न राहिलाच होता. मुंजीच्या सकाळी मामा देवासहून आला. कुणाशी काही न बोलता त्याने सोवळं नेसलं आणि पाट पुढे ओढून बसला. आठ वर्षांत तो प्रथमच घरात जेवला. त्याने माफी मागितली नाही आणि आईनेही ती मागून घेतली नाही. पुढे माझ्या अकरावी-बारावीची फी त्याने भरली.

आज मी हिशेबाच्या धंद्यात आहे, दिवसभर लोकांचे कागद बघतो. त्यामुळे कायदा काय म्हणतो याची मला सवयीने चौकशी असते, आणि त्यात एक गंमत आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात लग्नाच्या मुलाचा पहिला नैसर्गिक पालक बाप आहे आणि त्याच्यानंतर आई. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे, आधी आई, मग बाप. म्हणजे आमच्या नातेवाइकांची बैठक बसली तेव्हा कायद्याच्या नजरेत माझी आई माझी पूर्ण आणि पहिली पालक होतीच. ते कुणाला माहीत नव्हतं एवढंच. कायदा अशा मुलाला ‘अनौरस’ म्हणतो. औरस शब्दात ‘उरस्’ आहे, म्हणजे छाती. ज्या मुलाला आईने, आजीने आणि जीजीने आळीपाळीने छातीशी धरून वाढवलं, त्याला हा शब्द लागू कसा पडतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

मोठा बदल झाला ६ जुलै २०१५ ला. दिल्लीच्या एका अविवाहित आईला आपल्या मुलाला बचतीत नामांकित करायचं होतं. तिला सांगण्यात आलं की बापाची सही आण, नाहीतर न्यायालयाकडून पालकत्व आण. खालच्या न्यायालयांनी बापाला नोटीस पाठवायचा आग्रह धरला. सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. बापाचं नाव उघड करायची सक्ती आईवर करता येणार नाही, आणि अशा आईने जन्मदाखला मागितला तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घेऊन तो द्यावा, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टला आईवडिलांपैकी एकाचंच नाव पुरेसं झालं. पॅनकार्डाच्या अर्जात मात्र वडिलांचं नाव तेव्हाही सक्तीचं होतं. माझी पहिली नोकरी २०१७ ची. खोटं नाव लिहायचं नव्हतं म्हणून मी अर्जच केला नाही आणि पॅन नसल्यामुळे पगारातून वीस टक्के कापून घेत राहिलो. ५ डिसेंबर २०१८ पासून नियम बदलला, आई एकटी पालक असेल तर तिचंच नाव चालू लागलं. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज भरला. आमच्या ‘समग्र’ नोंदीतही मुखिया म्हणून आईचंच नाव आहे.

आता त्या फोनबद्दल. गेल्या वर्षी एका रात्री आईला आपल्याच समाजातल्या एका मुलीचा फोन आला. अठ्ठावीस वर्षांची, सॉफ्टवेअरमधली, बंगळूरहून घरी येऊन इथूनच काम करत होती. सातवा महिना. वडिलांनी बोलणं टाकलं होतं, आई बोलत होती पण स्वयंपाकघरात आणि हळू आवाजात. मुलीला सगळं माहीत होतं. गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चोवीस आठवड्यांपर्यंतच्या सवलतीत अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, हेही तिने वाचलं होतं. बाळ वाढवणं शक्य नसेल तर बालकल्याण समितीसमोर ते रीतसर सोपवता येतं आणि आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात, हेही तिला ठाऊक होतं. यातलं काहीही तिने निवडलं असतं तरी आई तिच्या बरोबर गेली असती. तिने बाळ ठेवायचं ठरवलं होतं. तिला फोनवर सल्ला नको होता. ती म्हणाली, ‘मावशी, तुम्ही त्या पहिल्या वर्षी काय काय केलंत ते सांगा.’

आई तिला घरी घेऊन आली. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि कागदावर यादी केली. कळा रात्री सुरू झाल्या तर गाडी कोण काढणार. दवाखान्याच्या फॉर्मवर नवऱ्याची सही मागितली तर काय म्हणायचं. (सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरते, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचं.) घरमालकाला काय सांगायचं. पहिला सव्वा महिना शेक, मालिश, डिंकाचे लाडू कोण बघणार. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना बरोबर कोण जाणार. रजा संपल्यावर काय. यादीत बाळाच्या बापाचा एकच उल्लेख होता, पोटगीपुढे. मूल लग्नाचं असो वा नसो, त्याच्या पालनपोषणाचा खर्च बापाकडून मागता येतो, हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होतं आणि आता नव्या संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. मागायचं की नाही ते तिने नंतरवर सोडलं.

आईने पाच घरांना फोन केले. तीन घरांनी हो म्हटलं आणि गंमत म्हणजे तिन्ही घरांत होकार तरुणांनी दिला. एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याने गाडीची जबाबदारी घेतली. खरोखरच पहाटे तीनला त्यांनी ती काढली. अभियांत्रिकीला असलेल्या एका मुलाने रोजचं दूध, भाजी आणि औषधं आणायचं काम घेतलं. एका निवृत्त काकांना घरातल्या नातीने पुढे ढकललं. ते दर रविवारी सकाळी दोन तास बाळाजवळ बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. बाळ त्यांच्या आवाजाने झोपतं आणि काकूंच्या मते हे काम त्यांना फारच साजेसं आहे.

कागदांचं माझ्याकडे आलं. जन्मनोंदणीच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि अविवाहित आईने नोंद करण्याची तरतूद त्यात आता शब्दांत लिहिलेली आहे. तरी मी २०१५ च्या निकालाची प्रत पिशवीत ठेवली होती. खिडकीवरच्या माणसाने पहिल्यांदा मान हलवली, दोन परिच्छेद वाचले आणि दाखला दिला. तिला पगारी रजा होती म्हणून लागलं नाही, पण जिला तशी रजा नाही तिच्यासाठी लिहून ठेवतो. पात्रतेत बसणाऱ्या बाईला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात आणि त्यासाठी आता नवऱ्याचं आधारकार्ड लागत नाही. मिशन वात्सल्यमध्ये, उत्पन्न शहरात वर्षाला ९६ हजार आणि खेड्यात ७२ हजारांच्या आत असेल, तर घरच्यांनी टाकलेल्या आईच्या मुलालाही दरमहा चार हजारांचं साहाय्य मिळू शकतं. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना बालसंगोपन योजना आहे, तिथे एक पालक असलेल्या मुलाला दरमहा २२५० रुपये मिळतात. आणखी एक काम मी तिच्याकडून करून घेतलं, ते म्हणजे मृत्युपत्र. आपल्या पश्चात मुलाचा पालक कोण हे अशी आई मृत्युपत्रात नेमू शकते. एकटीने मूल वाढवणाऱ्या प्रत्येकीने हे पहिल्या महिन्यातच लिहावं. ही अशुभ गोष्ट मुळीच नाही.

मुलीची आई चौथ्या दिवशी आली, मेथीचे लाडू घेऊन. दारात थोडी थांबली, मग आत येऊन तिने बाळाची लंगोट बदलली आणि त्यानंतर रोज येऊ लागली. वडील अजून आलेले नाहीत. बारशाला या वेळी तीसातल्या एकोणीस जणी आल्या. सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. घरमालकाने अकरा महिन्यांचा करार पुढे वाढवला नाही आणि तिला दुसरी जागा शोधावी लागली. आपल्याच लोकांपैकी दोघांनी रिकामा मजला असून ‘नातेवाईक येणार आहेत’ म्हणून सांगितलं. शेवटी जागा मिळाली ती एका पंजाबी आजोबांकडे.

तरुण वाचकांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना हे वाचून वाटेल की आम्ही असं वागत नाही, आम्हाला त्यात काही गैर वाटत नाही. ते खरंच आहे, माझ्या मित्रांमध्येही कुणाला गैर वाटत नाही. पण गैर न वाटण्याने बाळाचं दूध येत नाही. पहाटे तीनला गाडी लागते, रविवारी दोन तास लागतात, भाड्याची खोली लागते. यातली निम्मी कामं मुलग्यांना सहज करता येतात, आणि आजवर ती बायकांवरच सोडलेली आहेत. आणखी एक. घरी हळदीकुंकू असलं की यादी आईच्या हातून घ्या आणि त्यात नावं घाला. जिचा नवरा गेला ती, जिने सोडला ती, जिने केलाच नाही ती. सगळ्यांना बोलावणं, मोठ्या आवाजात, पुढच्या दाराने.

विधवा, घटस्फोटिता, परित्यक्ता, अविवाहित आई अशा चार कप्प्यांत आपण बायकांना घालतो. बाळाला मात्र चौघींच्या घरी रात्री एकाच वेळी भूक लागते.

इंदूर, उज्जैन किंवा देवासमध्ये कुणाला जन्मदाखला, शाळाप्रवेश, पासपोर्ट, पॅन किंवा मृत्युपत्राच्या कागदांची अडचण असेल तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. तिथे नाव सांगायची गरज नाही, वेळ सांगितली तरी पुरे. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो. आई आता निवृत्त झाली आहे, ती सोबत येईल आणि बाळ असेल तर तिला फक्त बाळ दिसेल. आपलं काम शांतपणे होऊन जाईल.